एक पट्टी खाली

३ जानेवारी

ह्यांचं म्हणणं, आजपासून लिहून ठेव. उद्या मुंगी मोठी झाली की लोक विचारायला येतील, पहिली रचना कधी केली, तापात वाजवलं का, हट्ट काय करायची. तेव्हा तोंडाला येईल ते सांगायचं का? म्हणून ही वही. मी म्हटलं, लिहिते, पण तुम्ही वाचायची नाही. तर म्हणाले, तुझं अक्षर लागतंय कुणाला.

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक. जन्मली तेव्हा मूठभर होती आणि तेव्हापासून हात एका जागी म्हणून नाहीत. वय नऊ. चौथ्या वर्षापासून पियानो वाजवते, सहाव्यापासून स्वतःच्या मनाने रचते. आजवर अकरा रचना झाल्यात, सगळ्या स्वतःच्या हाताने वहीत उतरवलेल्या. एकीचं नाव 'जिना'. एकीचं 'मावशी रागावली'. मला त्यात कोणी रागावलेलं ऐकू येत नाही, पण माझ्या ताईला आलं आणि ती दोन दिवस खरोखर रागावून बसली.

खाली माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर घर. हे पियानो लावतात, म्हणजे लोकांचे उतरलेले पियानो किल्लीने तारा ओढून सुरात आणून देतात. ह्यांना स्वतःला वाजवायचं होतं, पण बोटं आखूड निघाली. चोवीस वर्षं झाली तरी ते दुःख ताजंच आहे, आणि वाढायला मी आहेच.

९ जानेवारी

संगीतशाळेचं पत्र आलं. दहा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांसाठी एकच जागा. निवडलं की अठराव्या वर्षापर्यंत राहणं, जेवण, शिकणं सगळं त्यांचं. मुंगीला मे महिन्यात दहा पूर्ण होतात, म्हणजे अगदी काठावर सापडलो. परीक्षा १६ फेब्रुवारीला.

शिवाय शाळेला पियानो लावणारा कायमचा माणूस हवाय. जुना गेला. ह्यांनी अर्ज टाकलाय. चोवीस पियानो आणि राहायला आवारात दोन खोल्या. हे आरशासमोर उभे राहून 'आमच्या शाळेत' असं म्हणून बघत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१२ जानेवारी

सकाळी शाळेआधी दोन तास, संध्याकाळी तीन. हातांच्या पाठीवर माझ्या डब्यातली दोन बटणं ठेवायची. बटण पडलं की पान पहिल्यापासून. आज एकवीस वेळा पडलं. एक पान न पडता झालं की जेवण, असा नियम. मी पोरीला उपाशी ठेवते असं उद्या कुणी म्हणू नये, मी फक्त उशिरा वाढते. आज सगळं गार झालं होतं. तिने मुकाट्याने खाल्लं आणि खाताना टेबलावर बोटं चालूच.

ह्यांचं म्हणणं, तिला खेळायला जावंसं वाटतच नाही. तिला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

एक लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर. तिला कुठलाही आवाज द्या, ती पट्टी सांगते. पेटीवाले म्हणतात ना, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, तसं. भांडं पडलं, काळी तीन. जिन्याचं दार करकरलं, पांढरी पाच. हे तिला पाठमोरी बसवून आमच्या पियानोची कुठलीही पट्टी दाबतात, आणि ती एकदाही चुकलेली नाही. काल मला म्हणाली, "आई, तुझं मशीन काळी चारमध्ये चालतं, पण तू दमलीस की ते घसरतं." मी म्हटलं, मग तू सांग त्याला न घसरायला. ती खरंच मशीनजवळ जाऊन काहीतरी पुटपुटली.

१९ जानेवारी

दुपारी वर धाडकन आवाज झाला. धावत गेले तर पियानोची तार तुटून ह्यांच्या गालावर बसलेली. गालाला कापूस लावता लावता विचारलं, एवढी लोकांची कामं करता, ह्याच्याच तारा का तुटतात?

तेव्हा कळलं. हा पियानो बंद पडलेल्या हॉटेलातून आणला, मुंगी तीनची होती. तारा तेव्हाच जुन्या. हव्या तितक्या ताणल्या तर तटातट तुटतात. म्हणून ह्यांनी आणल्या आणल्याच सगळ्या तारा सारख्या सैल केल्या, एक पट्टी खाली. बोट दाबतं पांढरी एक, पण निघतो तिच्या लगतच्या खालच्या पट्टीचा आवाज. "आपापसात जुळलेल्या आहेत ना, मग झालं तर," हे म्हणाले.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या फितीसारखंच. माझ्या मापाच्या फितीचा पहिला इंच फाटला म्हणून मी कापून टाकलाय. माप तिनेच घ्यायचं, कापडही तिनेच मोजायचं, काही अडत नाही. फक्त एका वकिलाने घरून माप लिहून पाठवलं, तेव्हा कोट इंचभर तोकडा झाला आणि त्याने तो माझ्या अंगावर फेकला.

ह्यांना ते रुचलं नाही. म्हणाले, कुणाला बोलू नकोस. पियानो लावणाऱ्याच्या घरीच उतरलेला पियानो, म्हणजे दिव्याखाली अंधार. मुंगीलाही सांगायचं नाही. तिला वाटेल बापाने मोडका गळ्यात मारला.

२३ जानेवारी

समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे चहाला बोलावलं होतं. त्यांचा चिरंजीवही त्याच जागेसाठी बसतोय. आठ वर्षांचा, गुबगुबीत, नवा कोरा पियानो. त्याने वाजवून दाखवलं. माझ्या मते जेवून उठल्यासारखं वाजवतो, घाई नाही, भूक नाही. दातवालीणबाई आमच्याकडे बघत होत्या, आम्ही माना डोलावतोय की नाही.

मुंगीने मध्येच कान झाकले. "तुमचा पियानो चुकलाय," म्हणाली. "सगळाच्या सगळा वर बोलतोय."

तो पियानो ह्यांनीच गेल्या आठवड्यात लावलेला. बाईंचा कप हातातच राहिला. ह्यांनी हसत हसत मुंगीच्या दंडाचा असा चिमटा काढला की घरी येईपर्यंत निळं झालं. घरी आल्यावर तिला तासभर पियानोशेजारी उभं केलं. "दुसऱ्याचा पियानो म्हणजे दुसऱ्याचा बूट. पाय घालायचा नाही आणि बोलायचंही नाही." तसंही तिला आजवर बाहेरच्या पियानोला हात लावू दिलेला नाही. ज्यांना ऐकायचंय ते आमच्याकडे येतात.

मला फितीचं आठवलं. विचारणार होते ह्यांना. पण चार चेन बदलायच्या राहिल्या होत्या, खाली गेले.

६ फेब्रुवारी

घरी वीस माणसं ऐकायला. मुंगीने बारावी रचना वाजवली, अजून नाव नाही ठेवलेलं. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, पण मधेच एके ठिकाणी माझी आई गेली तो दिवस आठवला आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले. परत आले तर पेपरवाला तिचा फोटो काढत होता. तिच्या फ्रॉकची शिवण खांद्यावर उसवलेली. दुकानभर सुया, आणि पोरीच्या खांद्यावर ही गत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून काढते.

मोठा हॉल. आईबाप मागच्या रांगांत. परीक्षक तिघं, त्यात प्राचार्य आणि एक पांढऱ्या केसांच्या थोरल्या बाई, ज्यांच्यापुढे बाकीचे दोघं दबून होते.

आधी स्वर ओळखायचे. मुंगी पाठमोरी. प्राचार्यांनी पांढरी एक दाबली. मुंगी ताडकन म्हणाली, "काळी एक." प्राचार्य म्हणाले, "चूक." तिने मान वळवून बघितलं. ह्यात तिला 'चूक' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पांढरी तीन दाबली, ही म्हणाली पांढरी चार. दहा विचारल्या, दहाच्या दहा चुकल्या. दातवाल्यांच्या चिरंजीवाच्या सहा बरोबर आल्या.

मग एक धून फक्त एकदा वाजवून दाखवली आणि मुलांना बंद खोलीत कागद-पेन्सिल देऊन बसवलं. वाद्य नाही. ती धून उतरवायची आणि तिच्यावरून स्वतःची रचना करायची, दोन तासांत. मुंगी पाऊण तासात बाहेर आली, तोंड फुललेलं. मला वाटलं, मारलं मैदान. पण प्राचार्यांनी तिचा कागद वर धरून सगळ्यांना सांगितलं, की वाजवलं एक आणि हिने उतरवलं दुसरंच, दिलेल्या धुनेतला एकही स्वर जागेवर नाही. पुढची रचना वाचलीच नाही त्यांनी.

शेवटी स्वतःची रचना वाजवायची. तिने 'जिना' घेतला. चार ओळी झाल्या आणि हात उचलले. चेहरा असा, की घरात शिरावं आणि आत परकी माणसं बसलेली असावीत.

"हा पियानो खोटा आहे," म्हणाली.

"असं का? मग खरा कुठला?"

"आमचा."

हॉल हसला. दातवालीणबाई सगळ्यांच्या नंतर थांबल्या. हे खाली मान घालून बसले होते, कान लाल.

मग मुंगीने काय केलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. तिने हात जरासे डावीकडे सरकवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बोटं भलतीकडेच पडत होती, काळ्याच्या जागी पांढरी, अडखळत होती, पण आवाज मात्र घरचा यायला लागला. मला तरी तो आमचाच जिना वाटला. बाकीचे घड्याळ बघत होते. थोरल्या बाई तेवढ्या उठल्या आणि पियानोपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"थांब बाळ. तू सगळं एक पट्टी खाली सरकवून वाजवतेयस का?"

"हो. तिथे बरोबर लागतंय."

बाई आमच्याकडे वळल्या. "ही पोर चुकत नाहीये. हिचं सगळं एकाच पट्टीने सरकलंय. दहाही उत्तरं बरोब्बर एक पट्टी वर. मला वाटतं कागदावरही तेच असणार. घरचा पियानो खाली लावलाय का तुम्ही?"

सगळा हॉल ह्यांच्याकडे बघतोय. प्राचार्यही. ज्यांच्या टेबलावर ह्यांचा अर्ज पडलाय ते प्राचार्य.

हे उभे राहिले. "मी पियानो लावणारा माणूस आहे, बाई. आमचा पियानो सुराच्या काट्याला धरून आहे."

"आणि आई, तुम्हाला काही माहीत?"

मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. हे खोटं नाही, वरही तसंच लिहिलंय मी.

बाई म्हणाल्या, "गुरुवारी मी स्वतः तुमच्या घरी येते. एक पट्टी दाबली की कळेल. पियानो खाली असेल तर जागा हिची. असे कान मी चाळीस वर्षांत दोनदा ऐकलेत." पियानो बरोबर असेल तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. प्राचार्य म्हणाले, मग जागा दुसऱ्या मुलाची.

१७ फेब्रुवारी

मी तर सकाळी हसतच उठले. चहा देताना म्हटलं, अहो, मग सोपंच झालं की, खालीच आहे ना आपला. गुरुवारी दाबून बघू दे त्यांना.

ह्यांनी कप ठेवला. "मी चारचौघांत काय म्हणालोय?"

"मग आता म्हणायचं, नजरचुकीने."

"नजरचुकीने? सहा वर्षं? मी पियानो लावतो आणि सहा वर्षं माझ्या घरचा पियानो उतरलेला मला कळला नाही? उद्या रस्त्यावरचं कुत्रं तरी मला हाक मारेल का? प्राचार्यांनी काल जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात नेमणूक. ज्याला घरचा एक सांभाळता येत नाही, त्याच्या हाती चोवीस देतील?"

मग ते जवळ येऊन बसले, बऱ्याच वर्षांनी असे बसले. म्हणाले, एकदा मी आत गेलो की पोरगी आतलीच झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसवू. तोवर चांगल्या पियानोवर तिचे कान बसतील. एका वर्षाने कुणाचं काय बिघडतं?

मला पटलं. आवारातल्या खोल्या मी काल येताना बघितल्यात, उजेडाच्या आहेत, मशीन खिडकीशी राहील. आणि दुसरं एक आहे ते इथेच लिहिते. जागा मिळाली असती तर मुंगी गेली असती, अठराची होईपर्यंत. मग ह्या घरात हे आणि मी. ते मला जमलं नसतं.

मुंगीला ताईकडे पाठवलं, बुधवारपर्यंत. जाताना वही काखोटीला मारून गेली. कालच्या बंद खोलीतली रचना आठवणीतून पुन्हा उतरवायचीय म्हणे.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस हे पियानोला भिडलेत. किल्ली घालून एकेक तार वर ओढतात, ओढलेली पुन्हा उतरते, पुन्हा ओढतात. आजवर अकरा तुटल्या, नव्या घातल्या. बोटांना चिरा पडल्यात, मी पट्ट्या बांधते. सुराचा काटा, तो दोन पायांचा लोखंडी चिमटा, मीच धरते. गुडघ्यावर आपटायचा आणि लाकडाला टेकवायचा, तो गुणगुणत राहतो आणि त्या आवाजापर्यंत तार चढवायची. दुकान बंद. खाली दोन गिऱ्हाइकं दार वाजवून गेली.

पाहुणी यायची म्हणून घर झाडतात ना, तसंच आपण करतोय, असं मी स्वतःला सांगितलं.

२१ फेब्रुवारी

ताईने मुंगीला आणून सोडलं. बूटसुद्धा न काढता पियानोकडे गेली. म्हणाली, "आई, ऐक हां, तेरावी." दोन हात ठेवले आणि तव्याला लागावेत तसे उचलले.

पुन्हा एक पट्टी दाबली. मग दुसरी. मग उठली आणि पियानोच्या मागे जाऊन बघून आली.

"बाबा, ह्याला काय झालं?"

"काय होणार? आहे तसाच आहे."

"नाही. हा पण तिकडच्यासारखाच बोलतोय."

हे म्हणाले, "तू परीक्षेला घाबरलीस, त्याने तुझे कान बिघडलेत. वाढत्या वयात होतं असं. सरावाने बसतील."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मोज्यातलं भोक बघत होते. म्हटलं, काढ ते, रफू करते.

ती जमिनीवर बसली आणि मोजा काढून दिला. मग नुसतीच बसून राहिली, एक पाय उघडा.

२२ फेब्रुवारी

थोरल्या बाई बरोबर अकराला आल्या. जिना चढून धाप लागली होती. पाणीसुद्धा घेतलं नाही, पिशवीतून स्वतःचा काटा काढला, वाजवला, पट्टी दाबली. दुसरी दाबली. वरच्या, खालच्या, सगळीकडच्या. ह्यांनी काम चोख केलंय, केसभर फरक नाही. बाई खुर्चीत बसल्या, दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या.

मुंगीला पाठमोरी बसवून तीन स्वर विचारले. तिन्ही एक पट्टी वर.

"ह्या पियानोवर शिकलीस तू?"

"हो."

"ह्याच?"

बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, त्या वयात. "बाळ, खरं सांग. ह्या दिवसांत ह्या पियानोला कुणी हात लावला का? कुणी काही केलं का ह्याला? तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवेन. मला दुसरं काही नको."

पियानोच्या बाजूला ह्यांचा हात टेकलेला होता. पाचही बोटांना मी बांधलेल्या पट्ट्या. बाईंची पाठ होती तिकडे, मुंगीची नजर होती. तिने त्या पट्ट्यांकडे किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. एक क्षण मला वाटलं, सांगू दे. खरंच वाटलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "माझेच कान असतील."

बाई उठल्या. ह्यांना म्हणाल्या, मी तुमच्यावर भर सभेत शंका घेतली, माफ करा. म्हातारपण. मी प्राचार्यांशी तुमच्याबद्दल बोलेन. दारात थांबून मुंगीच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, पण ती बाजूला झाली.

२ मार्च

जागा दातवाल्यांच्या चिरंजीवाला. ह्यांची नेमणूक झाली. दातवालीणबाई पेढे देतात तसा चेहरा करून नुसताच चेहरा देऊन गेल्या.

१९ मार्च

आवारात राहायला आलो. खोल्या खरंच उजेडाच्या. समोरच्या इमारतीतून दिवसभर पियानो ऐकू येतात, चोवीसही. मुंगी कानात कापूस घालून बसते. दिलं तर जेवते. हे म्हणतात, वाजव, सवय होईल. ती वाजवते, बटणं ठेवून, एकही पडत नाही. पण कुणीतरी सांगितलेलं काम करावं तसं. रचना नाही.

३० मार्च

मुंगीच्या नेहमीच्या शाळेतल्या वर्गबाईंनी चिठ्ठी दिली होती, हाक मारली तर ओ देत नाही, कान तपासा. कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "काही दोष नाही हो. असे तल्लख कान मी बघितले नाहीत. हिला कुणी घाबरवलंय का?"

बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले? माझ्या तोंडून निघून गेलं, थेंब घालायला सांगितलेत. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मग घाल थेंब, त्यात काय, साधं कोमट तेल घाल. तिलाही बरं वाटेल, काही उपाय होतोय म्हणून.

रोज रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवते, आधी एक कान मग दुसरा. हलत नाही. इतकी शहाण्यासारखी आजवर कधी झोपली नव्हती माझ्या मांडीवर. खोटं कशाला लिहू, मला ते आवडतं.

५ मे

आज मुंगीला दहा पूर्ण झाले. नवा फ्रॉक शिवला, खांद्याला दुहेरी शिवण घातली. तिला ओवाळावं म्हणून उठले आणि जागच्या जागी उभी राहिले.

दहा पूर्ण झाले. जागा दहा पूर्ण न झालेल्यांची. पुढच्या वर्षी कुठली पुन्हा बसवणार? जन्मभर लोकांची मापं घेतली मी, आणि हे साधं गणित मला सुचलं नाही.

ह्यांना गाठलं. शाळेच्या हॉलमध्ये पियानोत डोकं घालून होते. म्हटलं, तुम्हाला तेव्हा माहीत होतं?

"माहीत असायला काय, अर्जावर मीच तारीख लिहिली होती."

"मग मला का सांगितलंत पुढच्या वर्षी म्हणून?"

"तुला तरी ऐकायचं होतं ना काहीतरी," ते म्हणाले आणि किल्ली फिरवली.

चप्पल घातली. थोरल्या बाईंचं घर आवाराच्या पलीकडेच आहे. सगळं सांगून टाकायचं, फितीपासून. फाटकापर्यंत गेले. मग मनात आलं, सांगितलं तर ह्यांची नोकरी जाईल, ह्या खोल्या जातील, आणि मुंगीला कळेल की काटा मी धरला होता. नोकरीचं आणि खोल्यांचं एक वेळ मी सोसलं असतं.

फाटकाशी भाजीवाली उभी होती. भाजी घेऊन परत आले.

९ मे

आज दुपारी मी मशीनवर होते. मुंगी येऊन शेजारी उभी राहिली. तिच्या हातात रचनांची वही. कापूस काढलेला.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

मी मशीन थांबवलं.

"माझे कान खरंच खराब आहेत?"

"असं का विचारतेस?"

"नसतील तर मी ह्या सगळ्या एक पट्टी सरकवून पुन्हा लिहीन. मला अजून ऐकू येतं सगळं. रोज येतं. पण कान खराब असतील तर जे ऐकू येतं तेही चुकीचंच असणार ना? मग नको लिहायला."

खिडकीतून ऊन आलं होतं आणि तिच्या कानाची पाळी उन्हात लाल दिसत होती. मला वाटलं, हिला उराशी धरावं आणि सांगून मोकळं व्हावं.

म्हटलं, "हो गं बाई. खराब आहेत."

तिने मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसला.

"बरं झालं," म्हणाली. "मला वाटत होतं, बाबा खोटं बोलतायत. आणि तुला माहितीये."

वही तिने माझ्या चिंध्यांच्या टोपलीत ठेवली, नीट, चिंध्या बाजूला करून. संध्याकाळी जेवताना दोनदा मागून घेतलं.